संगणक कपाटात, मूल बाकावर



जून महिना आला की आपल्या घराघरांत एकच हिशेब सुरू होतो. वह्या, दप्तर, रेनकोट, रिक्षाचे भाडे आणि शाळेची फी. नालासोपाऱ्याच्या पूर्वेला आचोळे, नगीनदास पाडा, संतोष भुवन, धानीव बाग या भागांतून चालत गेले तर गल्लोगल्ली शाळांचे फलक दिसतात. त्यांवर 'डिजिटल क्लासरूम', 'स्मार्ट क्लास', 'कॉम्प्युटर लॅब' असे शब्द ठळक अक्षरांत असतात. पहाटेची विरार लोकल पकडून दादर-अंधेरीला कामाला जाणारा बाप ते वाचतो. घरी बसून इमिटेशन दागिन्यांना खडे चिकटवणारी आई ते वाचते. दोघे मिळून ठरवतात, पोटाला चिमटा काढू, पण पोराला याच शाळेत घालू.

मुलांच्या शिक्षणासाठी झिजणारा आपला समाज आहे. या निर्धाराला आम्ही नावे ठेवणार नाही. आज आम्हाला एवढेच विचारायचे आहे की, फलकावरचा तो संगणक आपल्या मुलाच्या शिकण्यात खरोखर येतो का? आठवड्यातून किती वेळा? आणि कोणत्या धड्याला? बऱ्याच पालकांना याचे उत्तर देता येणार नाही, कारण हा प्रश्न आपण कधी विचारलेलाच नाही. शाळेत संगणक आहे की नाही एवढे आपण विचारले, आणि 'आहे' असे ऐकून समाधानाने घरी आलो.

यंत्र शाळेला मिळाले म्हणजे मुलाला मिळाले असे होत नाही. ते शिक्षकाच्या हातून मुलापर्यंत जाते. शिक्षकाने ते हाती घेतले नाही तर कितीही महाग वस्तू कपाटातच राहते. आणि शिक्षकाने ते हाती घ्यावे यासाठी त्याला वेळ, धीर आणि साथ लागते. ही साथ देण्यात पालकांचाही वाटा आहे, हे सांगण्यासाठी आजचे सदर.

मोबाईल शाळेत कारकून म्हणून आला

शिक्षकांना तंत्रज्ञान येत नाही, असे म्हणण्याची एक सवय पडली आहे. आमचा अनुभव वेगळा आहे. आज जिल्हा परिषदेच्या कोणत्याही शाळेतली बाई किंवा गुरुजी दिवसातून कितीदा तरी मोबाईल हाती घेतात. फक्त तो मुलांसाठी नसतो, कचेरीसाठी असतो. २०१५ पासून 'सरल' प्रणालीत प्रत्येक मुलाची माहिती भरावी लागू लागली. यू-डायसचे रकाने भरायचे, पोषण आहाराची नोंद करायची, आधार क्रमांक जुळवायचे, कोणता तरी दिन साजरा केल्याचे फोटो पाठवायचे. त्यात मतदार याद्यांचे काम आले की गुरुजी वस्तीत घरोघर फिरताना दिसतात.

म्हणजे तंत्रज्ञान शाळेत आले ते कारकून म्हणून. शिक्षकाच्या मनात त्याची ओळख 'आणखी एक काम' अशीच झाली. अशा माणसाला 'आता वर्गातही तंत्रज्ञान वापरा' असा नवा आदेश दिला, तर तो एक फोटो काढून पाठवेल आणि मोकळा होईल. त्यात त्याचा दोष किती आणि आदेश काढणाऱ्यांचा किती, याचा विचार आपणच करावा.

दुसरी अडचण आपल्या बाजूची आहे. गुरुजींच्या हातात फोन दिसला की आपण लगेच म्हणतो, 'सर वर्गात मोबाईल बघत बसतात.' कधी ते खरेही असेल. पण तो फोन त्यांनी धड्यासाठी काढला होता की गप्पांसाठी, हे विचारण्याआधीच तक्रार मुख्याध्यापकांपर्यंत गेलेली असते. एकदा असा बोल लागला की चांगला शिक्षकही फोन खिशात ठेवून फळ्याकडे वळतो.

यंत्रे आली आणि गेली

शाळेत यंत्र आणण्याचा खटाटोप आजचा नाही. पुण्यात १९८४ साली 'बालचित्रवाणी' ही राज्याची संस्था स्थापन झाली. तिने शाळकरी मुलांसाठी तयार केलेले कार्यक्रम दूरदर्शनवर दिसत. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या वाचकांना ते आठवत असतील. कार्यक्रम चांगले होते. पण ते प्रसारणाच्या वेळेला बांधलेले होते, आणि गुरुजींचा धडा त्या वेळी कुठे आहे याच्याशी त्यांचा मेळ बसेलच असे नव्हते. शाळेत दूरदर्शन संच असावा, वीज असावी आणि वेळापत्रक जुळावे, असे तीन योग एकत्र यावे लागत. २०१७ साली ही संस्था बंद करण्यात आली.

त्याच सुमारास, १९८४-८५ मध्ये, केंद्र सरकारने निवडक शाळांत बीबीसी मायक्रो नावाचे संगणक बसवण्याचा प्रकल्प हाती घेतला. पुढे २००४ साली शाळांमध्ये माहिती तंत्रज्ञान आणण्याची देशव्यापी योजना आली. महाराष्ट्रात ती टप्प्याटप्प्याने हजारो शाळांत राबवली गेली, पण कंत्राटावर. कंपनीने संगणक बसवायचे, कंपनीनेच संगणक शिक्षक नेमायचा, आणि पाच वर्षांनी सर्व शाळेच्या ताब्यात द्यायचे. पाच वर्षे संपली तशी त्या शिक्षकांची नोकरीही संपली. नोकरीसाठी त्यांना आंदोलने करावी लागली. मागे राहिले जुने संगणक. गणित, भूगोल, मराठी शिकवणाऱ्या कायमच्या शिक्षकांचा त्या खोलीशी संबंधच आलेला नव्हता. 'संगणक' हा वेगळा तास होता, वेगळ्या माणसाचा. तो माणूस गेला आणि खोलीला कुलूप लागले.

५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत 'आकाश' नावाचा स्वस्त टॅबलेट मोठ्या थाटात जाहीर झाला. प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती तो पडेल असे वाटले होते. काही वर्षांतच ती योजना मागे पडली.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशाने २००८ पासून गरीब मुलांना दहा लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालाने या प्रयोगाचा दाखला देऊन सांगितले की, शिकवण्याच्या पद्धतीत त्या लॅपटॉपना जागाच केली गेली नाही, त्यामुळे मुलांच्या शिकण्यात सुधारणा झाली नाही. वस्तू पोचली, पण ती वापरून शिकवायचे कसे यात शिक्षकाला कोणी सोबत घेतले नाही.

जिथे जमले, तिथे काय होते

आता दुसरी बाजू पाहू. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातील परितेवाडी हे छोटेसे गाव. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले हे शिक्षक २००९ मध्ये रुजू झाले. त्यांनी पाठ्यपुस्तकातील धडे आणि कवितांना क्यूआर कोड जोडले. फोनच्या कॅमेऱ्यासमोर तो चौकोनी ठसा धरला की त्या पाठाचे गाणे, चित्रफीत किंवा प्रश्न उघडत. पुढे राज्याने आणि त्यानंतर एनसीईआरटीनेही पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापण्याचा मार्ग धरला. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले गुरुजींना दहा लाख डॉलरचा 'ग्लोबल टीचर प्राइझ' जाहीर झाला. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

पुरस्काराची बातमी सगळ्यांनी वाचली. आमच्या मते त्यातली शिकण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. डिसले गुरुजींनी यंत्रापासून सुरुवात केली नाही, पुस्तकापासून केली. मुलाच्या हातात जे पुस्तक आधीच आहे, त्यालाच त्यांनी नवी वाट जोडली. म्हणूनच ती युक्ती इतर शाळांनाही उचलता आली.

आपल्या पालघर जिल्ह्यातील उदाहरण घ्या. २०२० साली करोनामुळे शाळा बंद झाल्या. दांडवळ आणि आसपासच्या आदिवासी गावांत ना प्रत्येक घरी स्मार्टफोन, ना नेटवर्क. तिथे दिगंत स्वराज फाउंडेशन या संस्थेने 'बोलकी शाळा' सुरू केली. धडे आधी ध्वनिमुद्रित करायचे आणि गावात लाऊडस्पीकरवरून ऐकवायचे. मुले अंतर राखून अंगणात, झाडाखाली बसत आणि ऐकलेल्या धड्यावरच्या प्रश्नांची उत्तरे देत. लग्नाच्या मांडवातला लाऊडस्पीकर तिथे शिक्षणाचे साधन झाला. त्याच काळात सोलापूरच्या नीलमनगर या कामगार वस्तीत शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. जाता-येता मुले ते वाचत. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका लागली, तीही इंटरनेट नसलेल्या घरांचा विचार करूनच.

केरळने २००१ साली 'आयटी अॅट स्कूल' हा प्रकल्प सुरू केला. तिथे कायमच्या शिक्षकांमधूनच प्रशिक्षक तयार करण्यात आले आणि शिक्षकांनीच शिक्षकांना शिकवले. फुकट मिळणारी, कोणालाही बदलता येणारी सॉफ्टवेअर वापरली, त्यामुळे कंपनीच्या दारात उभे राहावे लागले नाही. विषयाच्या शिक्षकाने आपल्याच विषयासाठी संगणक वापरायचा, हा शिरस्ता पडला. मग २०१८ मध्ये ४५ हजार वर्गखोल्यांत पडदे आणि प्रोजेक्टर बसवण्याची वेळ आली, तेव्हा ते वापरणारी माणसे आधीच तयार होती.

या सर्व ठिकाणी साधन वेगवेगळे आहे. कुठे क्यूआर कोड, कुठे लाऊडस्पीकर, कुठे भिंत. पण प्रत्येक ठिकाणी माझे मूल नेमके कुठे अडले आहे, याचा विचार आधी झाला आणि साधन मागून आले.

सोपाऱ्याच्या वर्गात काय करता येईल

'हे सर्व ठीक आहे, पण आमच्या शाळेत एक टीव्ही आणि बाईंचा एक फोन एवढेच आहे,' असे कोणी म्हणेल. तेवढ्यात बरेच होते. काही गोष्टी आम्ही सुचवतो.

गणिताच्या तासाला अपूर्णांकांची बेरीज चुकते. बाईंनी एका वहीतले चुकलेले गणित, नाव झाकून, फोनने टिपावे आणि पेनड्राइव्हने टीव्हीवर दाखवावे. 'चूक कुठे झाली असेल?' असे वर्गाला विचारावे. चाळीस मुले एकाच गणिताकडे पाहतात आणि आपसात वाद घालतात. लाल शेऱ्यापेक्षा हा वाद जास्त शिकवतो.

वाचनात मागे असलेल्या मुलाचा आवाज फोनवर मुद्रित करावा. त्याला एकट्याला तो ऐकवावा. महिन्याने तोच उतारा पुन्हा वाचून घ्यावा आणि दोन्ही आवाज लागोपाठ ऐकवावेत. आपण किती पुढे आलो हे मूल स्वतःच्या कानांनी ऐकते. याला इंटरनेट लागत नाही. घरात हिंदी, भोजपुरी किंवा गुजराती बोलणारी मुलेही आपल्या मराठी शाळांत येतात. त्यांना तर याचा विशेष उपयोग होईल.

भूगोलाला उपग्रहाचे नकाशे आहेत. आपली चाळ, आपली शाळा, नालासोपारा स्थानक मुलांनी शोधावे. रेल्वेमार्गाच्या पश्चिमेला जुने सोपारा, तिथली तळी आणि खाडीचा भाग पाहावा. पावसात आचोळे-तुळींजकडे पाणी का साचते, पूर्वी पाणी जाण्याचे मार्ग कुठून होते आणि आता तिथे काय उभे आहे, हे मुलांनी नकाशावर बोट ठेवून सांगावे. ज्या मुलाने गुडघाभर पाण्यातून शाळा गाठली आहे, त्याला हा धडा परका वाटणार नाही.

आणि इतिहास तर आपल्या दारात आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 'बुरूड राजाचा कोट' म्हणून ओळखले जाणारे टेकाड उकरले आणि सोपाऱ्याचा स्तूप उजेडात आला. आत दगडी करंडक आणि बुद्धांच्या आठ कांस्यमूर्ती सापडल्या. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा त्याच सुमारास येथेच मिळाला, आणि नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगावात. हे तुकडे मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. सर्व मुलांना मुंबईला नेणे दरवेळी शक्य नाही. पण शिलालेखाचे छायाचित्र पडद्यावर मोठे करून दाखवता येते. ब्राह्मीचा 'क' म्हणजे अधिकचे चिन्ह, 'ग' म्हणजे छपरासारखी खूण, असे एकेक अक्षर मुलांनी ओळखावे, आपले नाव ब्राह्मीत लिहावे आणि मग एके दिवशी गुरुजींसोबत स्तूपापर्यंत चालत जावे. पडद्यावर पाहिलेले आणि पायांनी गाठलेले असे दोन्ही जुळले म्हणजे धडा पक्का होतो.

सम्राट अशोकाने आपले म्हणणे दगडावर, लोकांच्या बोलीत कोरून घेतले आणि बंदरांपर्यंत पोचवले. त्या काळातले ते नवे तंत्रच होते. राजा जे बोलतो ते सामान्य माणसालाही कळले पाहिजे, या हेतूने ते वापरले गेले. आजच्या साधनांचा वापरही आपण याच मापाने जोखावा. वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलीला काही कळले का?

तिच्याबद्दल आणखी थोडे

'प्रथम' संस्थेच्या 'असर' अहवालाने २०२४ साली ग्रामीण भारतातील १४ ते १६ वयाच्या मुलांची पाहणी केली. १०० पैकी ८२ मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. या मुलांपैकी ७६ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो सोशल मीडियासाठी वापरला होता आणि अभ्यासाशी संबंधित कामासाठी ५७ टक्क्यांनी. फोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६ टक्के, तर मुली २७ टक्के.

हे आकडे खेड्यांतले आहेत, पण आपल्या खोलीतले चित्र फार वेगळे नाही. घरात एकच फोन असतो. तो बापाबरोबर कामावर जातो. रात्री घरी आला की आधी मुलाच्या हाती जातो, मग जमले तर मुलीच्या, तोवर तिची भांडी व्हायची असतात. अशा मुलीला शिकण्यासाठी यंत्र हाताळायला मिळण्याची एकच हमखास जागा आहे, ती म्हणजे शाळा. शाळेतला संगणक कपाटात राहिला तर पैसेवाल्याच्या मुलाचे काही अडत नाही. त्याच्या घरी दुसरा आहे. नुकसान होते ते आपल्या मुलीचे.

आणि फोन बिघडवतो, अशी तक्रार करणाऱ्या पालकांनाही आमचे सांगणे आहे. फोन पाहून मुले आपोआप शिकत नाहीत. खरी माहिती कोणती, थाप कोणती, कोणाला आपला फोटो द्यायचा नाही, हे कोणीतरी शिकवावे लागते. ते काम शिक्षकाने वर्गात केले नाही तर रस्त्यावरचा कोणीही ते करील, आणि ते आपल्याला आवडणार नाही.

गुरुजी का कचरतात

पन्नाशीच्या शिक्षकाला एक भीती असते, जी तो बोलून दाखवत नाही. 'मला बटण सापडले नाही तर मुले हसतील.' मुलांना फोनची बटणे त्याच्यापेक्षा जास्त येतात हे त्याला माहीत आहे. आम्ही अशा गुरुजींना नम्रपणे सांगू इच्छितो की बटण मुलाला दाबू द्या. कोणता धडा, कशासाठी आणि त्यानंतर कोणता प्रश्न विचारायचा, हे मुलाला येत नाही. ते तुम्हाला येते. ती तुमची तीस वर्षांची कमाई आहे. 'बाळा, हे कसे करायचे ते मला दाखव' असे म्हणणारा शिक्षक मुलांच्या नजरेत लहान होत नाही. मोठी माणसेही शिकत राहतात, हे मुलाला त्यातून कळते.

तरुण शिक्षकांची चूक वेगळी. ते तास सुरू झाला की चित्रफीत लावतात आणि ती संपली की घंटा होते. मुले गप्प बसतात, म्हणून वर्ग चांगला चालला असे वाटते. तीन मिनिटे दाखवा, थांबवा, विचारा, लिहून घ्या, पुन्हा दाखवा. चित्रफितीतल्या बाई आपल्या वर्गातल्या मुलाकडे पाहू शकत नाहीत. तुम्ही पाहू शकता.

वीज जाते, नेट चालत नाही, हे नालासोपाऱ्यात कोणाला सांगायला नको. म्हणून जे दाखवायचे ते आधी उतरवून घ्यावे, आणि ऐनवेळी वीज गेली तर तोच धडा खडूने घेता येईल अशी तयारी असावी. ज्याची खडूची तयारी पक्की, त्याला यंत्राची भीती राहत नाही.

आपण काय करावे

वसई-विरार महानगरपालिका २००९ साली झाली, पण त्यानंतरही वर्षानुवर्षे येथील सरकारी प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेच्याच राहिल्या. कोणत्या कचेरीत दाद मागायची, या गोंधळात आपण पडतो. पण काही गोष्टी कचेरीत न जाता होतात.

पहिली गोष्ट, शाळा व्यवस्थापन समिती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांत या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. कामगार माता-भगिनींनी या समितीत नावापुरते बसू नये. बैठकीत तीन प्रश्न विचारावेत. शाळेत कोणती यंत्रे आहेत? त्यांतली चालू किती? गेल्या महिन्यात कोणत्या वर्गात, कोणत्या धड्याला ती वापरली? हे प्रश्न उलटतपासणीच्या सुरात विचारू नयेत. 'बाई, आम्ही काय मदत करू?' हा चौथा प्रश्न सोबत असावा.

दुसरी गोष्ट, दुरुस्ती. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळेला पटसंख्येप्रमाणे १० हजारांपासून १ लाख रुपयांपर्यंत वार्षिक अनुदानाची तरतूद आहे, आणि बंद पडलेले साहित्य बदलणे, वीज, इंटरनेट हे खर्च त्यात बसतात. ते कशावर खर्च झाले हे समितीने पाहावे. शिवाय आपल्याच वस्तीत वायरमन आहेत, टीव्ही आणि मोबाईल दुरुस्त करणारे आहेत, संगणकाचा कोर्स केलेली मुले-मुली आहेत. महिन्यातून एक शनिवार दोन तास शाळेला दिला तर बंद पडलेला संच सुरू होईल आणि गुरुजींना हाताशी माणूस मिळेल.

तिसरी गोष्ट, विहार. आपल्या विहारात सायंकाळी अभ्यासिका चालत असेल तर तिथे एक टीव्ही किंवा जुना संगणक ठेवावा आणि शाळेतल्या बाईंनाच विचारावे की या आठवड्यात कोणता धडा चालू आहे. बालभारतीची पुस्तके संगणकावर विनामूल्य वाचता येतात. पुस्तकातले क्यूआर कोड 'दीक्षा' अॅपमध्ये उघडतात. मुले कोणत्याही धर्माची, जातीची असोत, दार उघडे ठेवावे.

चौथी गोष्ट खासगी शाळेत घालणाऱ्यांसाठी. 'स्मार्ट क्लास'ची फी भरण्याआधी शाळेला शासनाची मान्यता आहे का ते पाहावे आणि तिचा अकरा आकडी यू-डायस क्रमांक विचारावा. वसई तालुक्यातील अनधिकृत शाळांच्या याद्या वेळोवेळी जाहीर होत आल्या आहेत. मान्यता नसलेल्या शाळेतला मोठा पडदा मुलाच्या दाखल्याच्या उपयोगी पडत नाही. मान्यता असेल तर मग तेच विचारावे की हा पडदा कोणत्या धड्याला वापरता?

शेवटची गोष्ट सर्वांत सोपी आहे आणि तिला पैसा लागत नाही. एखाद्या बाईंनी फोनवर धडा दाखवला, मुलाने घरी येऊन तो आनंदाने सांगितला, तर दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी थांबून बाईंना तेवढे सांगावे. 'बाई, काल तुम्ही दाखवलेले पोराला समजले हो.' शिक्षकाला वरून आदेश पुष्कळ येतात आणि खालून तक्रारी येतात. असे वाक्य त्याच्या कानी क्वचितच पडते. ते ऐकलेली बाई पुढच्या आठवड्यात कपाटाची किल्ली स्वतःहून मागून घेईल, असा आमचा विश्वास आहे.

आपल्या शाळेत असा एखादा शिक्षक किंवा शिक्षिका असेल, तर त्यांनी कोणता धडा कसा घेतला ते आम्हाला पोस्टकार्डावर अवश्य कळवा. इतर शाळांना उपयोगी पडेल ते याच सदरातून देऊ.